समुद्रात भिजलेली उशी

उशी आमच्याच शेतातल्या कापसाची होती. मारेगावहून निघताना ती पोत्यात बांधून घेतली, कारण ह्यांचं हृदय अशक्त झालं होतं आणि डोकं उंच ठेवल्याशिवाय ह्यांना श्वास पुरत नसे. नागपूरच्या डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, ह्यांच्या मनात असेल ते करू द्या. मनात एकच होतं. एकदा समुद्राजवळ झोपायचं. आम्ही दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता. पाहायचाच तर चारी बाजूंनी असलेला पाहू, असं हे म्हणाले आणि अंदमान ठरलं.

परवडेल तसे गेलो. बल्लारशाहून चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे बोटीच्या तळाशी बंकवर. तिथे डिझेलचा आणि उलट्यांचा वास भरलेला. मी आडवी पडून होते. हे उशीला टेकून बसायचे आणि शेजारच्यांना आपली शेंगदाण्याची चटणी वाटायचे. बेटावर बांबूची झोपडी मिळाली. नळ बाहेर, पंखा वीज असेल तेव्हा. ह्यांना झोप काही लागेना. हवा इतकी ओली की उशी जड होत गेली आणि तिला कुबट वास येऊ लागला.

तिला ऊन दाखवायला हवं होतं. समोरची वाळू सपाट, घट्ट, सारवलेल्या अंगणासारखी. आम्ही वेचलेला कापूस वाळवणारी माणसं. अशी जागा दिसली की हात आपोआप पसरतात. उशी मधोमध ठेवली आणि झाडांच्या सावलीत जाऊन बसलो. तिथल्या कोणाचंच काही त्या वाळूवर नव्हतं, कपडेसुद्धा वर, झाडांना बांधलेल्या दोरीवर. ते दिसलं होतं, पण का ते सुचलं नाही. आमच्याकडे पाणी आपल्या जागी असतं, माणसानं त्याच्याकडे जायचं.

"अवं, पाह्य," हे म्हणाले, "पाणी चालून राह्यलं."

मी उठेपर्यंत उशी तरंगत होती आणि हे गुडघाभर पाण्यात होते. मी मागून रागावत राहिले. कोकरू उचलावं तशी उशी कवेत घेऊन आले, ओठ निळसर, धाप लागलेली, तरी हसत होते.

उशी झाडाला टांगली. टेकायला दुसरं काही नव्हतं. झोपडीच्या खांबाला पाठ लावून मी बसले आणि ह्यांना अंगावर टेकवून घेतलं. हळूहळू श्वास संथ झाला. झोपले. लाटा जवळ येऊन मागे गेल्या, सावली फिरली, माझे पाय बधिर झाले. मी हलले नाही. आजारपणात इतकी गाढ झोप ह्यांना लागलेली मी पाहिली नव्हती.

घरी आल्यावर उशी इथल्या उन्हात खडखडीत वाळली. पुढच्या हंगामाचा कापूस फुटायच्या आत हे गेले.

आमच्याकडे गेलेल्याचं अंथरूण गावाबाहेर नेऊन टाकतात. गादी गेली, चादरी गेल्या. धाकटी नणंद न्यायला आली तेव्हा उशी माझ्या मांडीवर होती.

"वहिनी, द्या ते. घरात ठेवू नाही. जीव घुटमयते मंग."

"घुटमयू द्या, ताई."

ती जवळ बसली. उशी ओढून घ्यायला तिनं हात घातला आणि थांबली. उशी ओलसर होती. मी रडून भिजवली असं तिला वाटलं असावं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि रिकाम्या हातानं निघून गेली.

मला तोवर रडू आलंच नव्हतं. भाद्रपदातली कोंदट हवा होती आणि कापसात समुद्राचं मीठ राहिलं होतं. अशा दिवसांत ती अजून ओल धरते. मग मी तिला अंगाला टेकवून भिंतीशी बसते आणि पाय बधिर झाले तरी हलत नाही.