हबवरचा हात

माझा केटरिंगचा धंदा चालतो आगरी लग्नांच्या हळदींवर, आणि हळदीच्या जेवणाचे मोठाले टोप जातात जीपमागच्या दोनचाकी ट्रेलरमधून. त्या चाकांवर हुकूम बाबांचा. मिठागरं सुटल्यापासून त्यांचं हेच काम: बेअरिंगं काढायची, डिझेलमध्ये धुवायची, तळहातावर ग्रीस घेऊन आत दाबून भरायचं, वरून नट बसवायचा. मी मध्ये काही बोलले की लगेच, "तू तुझा रस्सा बघ!"

गव्हाणहून निघालं की पळस्प्याला थांबायचंच. बाबा उतरून चाकाच्या मधल्या हबवर तळवा टेकवतात आणि दहा मोजतात. हात टिकला तरच ट्रेलर पुढे. बेअरिंग तापलेलं असलं तर चाक निखळायची भीती, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा. शुगरमुळे पायांची जाणीव गेलीच होती, चप्पल सुटली तरी कळायचं नाही. पण हाताला कळत होतं, तोवर बाबा घरात ताठ होते.

गेल्या हिवाळ्यात कर्नाळ्यापलीकडची ऑर्डर होती. पळस्प्याला बाबांनी डाव्या हबवर हात ठेवला, सावकाश दहा मोजले. "थंड हाय. चल."

मला जळक्या ग्रीसचा वास येत होता. "थांबा जरा, बाबा."

"बोललो ना, थंड हाय! माझ्यापेक्षा तुला जास्त समजतं?"

मीही काही कमी नाही. तरातरा गेले, बोट लावलं आणि "आई गं!" करून मागे घेतलं. "नट केवढा आवळलाय, बेअरिंग जळतंय! एवढं साधं..." म्हणता म्हणता त्यांचा तळवा दिसला. लालबुंद झालेला, मधोमध फोड येत होता.

"कधीपासून कळत नाहीये?"

"गणपतीपासून. तुमाला कशाला सांगायचं?"

माझा राग तिथेच उतरला. बोटांना नट ढिला की घट्ट ते समजेना, म्हणून भीतीने त्यांनी तो आवळून टाकला होता. मी त्यांच्या हातावर बाटलीतलं पाणी ओतत बसले. हब निवल्यावर ते सांगतील तसं केलं. नट अडवणारी पिन काढली, नट सोडला, चाक फिरवत परत बसवला आणि किंचित मागे घेतला. "मोकळा फिरला पायजे. पण डुलायला नाय पायजे," ते म्हणाले. पिन नवी घातली.

कर्नाळ्याला पुन्हा थांबलो. बाबा उतरले नाहीत. मी तळवा टेकवून मोठ्याने दहा मोजले. "थंड आहे, बाबा!"

त्यांनी खिडकीतून विचारलं, "खरंच हाय, का माझ्यासाठी बोलतेस?"

"खरंच थंड आहे."

खरंच होता. त्यांनी मान हलवली आणि काच वर केली. मी ट्रेलरमागे जाऊन रडून घेतलं.