साहेबाच्या आईचे लग्न

वतनाच्या दप्तरात माझी उमेदीची सगळी वर्षे वंशावळी लावण्यात गेली. कोण कोणाचा मुलगा, कोण दत्तक, कोणती शाखा कुठे बुडाली, हे साक्षीपुराव्याने ठरवायचे. नेसरीकडच्या एका घराण्यात अठ्ठावीस पुरुषांपैकी अकरा एकाच नावाचे निघाले. तेही प्रकरण मी सोडवले. म्हणून कळंब्याच्या वाटेवर राहणाऱ्या गोऱ्या साहेबाने आपली वंशावळ नीट उतरून द्यायला बोलावले तेव्हा मला वाटले, दोन रविवारांचे काम आहे.

साहेब पाटाच्या मोजणीवर होता. मराठी तो कामावरच्या गड्यांकडून शिकलेला. हाय-न्हाय करीत बोले, आणि मामलेदारालासुद्धा 'पावणं' म्हणे.

विलायतेत त्याचा थोरला चुलता निपुत्रिक वारला होता. घराण्यात 'सर' ही पदवी वंशपरंपरेने चालत आलेली. तिच्याबरोबर मोठे घर आणि जमीन. हे सगळे थोरल्या मुलाला जाते, धाकट्यांना काही नाही, हे ऐकूनच मी चकित झालो. धाकटे कज्जे करीत नाहीत का, असे मी विचारले. कायदाच तसा असल्यावर कज्जा कशावर करणार, असे तो म्हणाला. साहेबाचा बाप दुसरा भाऊ; तो आधीच वारलेला. म्हणजे आता पाळी साहेबाची. पण तिसरा भाऊ, साहेबाचा धाकटा चुलता, हयात होता आणि पदवी आपलीच म्हणत होता. साहेबाला वंशावळ तिकडच्या वकिलाकडे पाठवायची होती.

त्याने माझ्यापुढे एक जाडजूड ग्रंथ ठेवला. त्यात विलायतेच्या सगळ्या खानदानी घराण्यांच्या वंशावळी छापलेल्या, जन्म-लग्न-मृत्यूच्या तारखांसकट. असा ग्रंथ तिकडे दुकानात विकत मिळतो म्हणे. आमच्याकडे लोक वंशावळीचा कागद सख्ख्या भावालाही दाखवीत नाहीत.

साहेबाचे घराणे सापडले. बाप होता, बापाची बायको होती, दोन मुली होत्या, आणि बायकोच्या मृत्यूचे साल होते. पुढे काही नाही. साहेब त्यात नव्हताच. मी वजाबाकी केली: साहेबाचा जन्म त्या बाईच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. साहेबाने वेगळ्या कागदावर आपल्या आईचे आणि तिच्या वडिलांचे नाव लिहून दिले होते. ते वडील आणि पहिल्या बायकोचे वडील एकच. उलगडा झाला. पहिली गेल्यावर बापाने तिची धाकटी बहीण केली होती.

मी साहेबाला सांगितले की छापणाऱ्याने एक बायको आणि एक मुलगा गाळला आहे. शिवाय दोघी सख्ख्या बहिणी, हे मी ठळक लिहिणार. वारसाची आई त्याच घरची म्हटल्यावर शंकेला जागा उरत नाही.

साहेबाने हातातला पेला खाली ठेवला. "पावणं, ते लिवू नका. चूक न्हाय ती. मुद्दाम गाळलंय."

मग त्याने जे सांगितले ते मला दोनदा विचारून घ्यावे लागले. त्यांच्या कायद्यात बायको मेल्यावर तिच्या बहिणीशी लग्न करता येत नाही. मेहुणी म्हणजे सख्खी बहीण, असे त्यांचा धर्म सांगतो. बापाने परमुलखात जाऊन पाद्र्यापुढे लग्न लावले, पण विलायतेत ते लग्न धरलेच नाही. आणि पदवी जाते ती औरस मुलाला.

"कायद्यानं माझी आई लगीन न झालेली बाई हाय," तो म्हणाला. "मग मी कोण? तुमच्या दप्तरात काय लिवता तुमी?"

आमच्या दप्तरात त्याला शब्द आहे. तो मी शेकडो वेळा लिहिला आहे. त्या दिवशी तोंडातून बाहेर पडला नाही.

कारण माझ्या घरी तीन मुलगे होते. थोरला पहिल्या बायकोचा, धाकटे दोघे तिच्या पाठच्या बहिणीचे. पहिली बाळंतपणात गेली तेव्हा तेरावा होताच सासऱ्यांनी धाकटीचे नाव काढले. पोराला मावशी मिळाली म्हणून भावकी निश्चिंत झाली. साहेबाच्या कायद्याने पाहिले तर माझे धाकटे दोघे कोणीच नव्हते.

मी हे साहेबाला सांगितले. जमिनीत त्या दोघांना वाटा मिळणार का, असे त्याने विचारले. तिघांना सारखा, मी म्हणालो.

"कुणी काय बोललं न्हाय?"

सासूबाई बोलल्या होत्या. दुसरी मुलगी देण्याआधी जावयाचा दमा आता कसा आहे, एवढेच त्यांनी विचारले होते. हे ऐकून साहेब हसला, पण लगेच थांबला.

मी पुन्हा ग्रंथ चाळला. सख्ख्या चुलत बहिणीशी केलेली लग्ने त्यात राजरोस छापली होती, एकाच आडनावाचे नवरा-बायको. आमच्या जातीत हे भाऊ-बहीण. मुसलमान घराण्यांत चुलत भावंडांची लग्ने होतात, त्यांच्या वंशावळी मीच लावल्या आहेत, तेव्हा त्याचे मला नवल नव्हते. नवल याचे, की ज्या कायद्याला हे चालते त्याला मेहुणी चालत नाही.

आईचे माहेर न लिहिता नुसते नाव घालता येईल, असे मी सुचवले. त्याने नकाराची मान हलवली. चुलत्याला सगळे ठाऊक होते. दावा केलास तर तुझ्या आईचे लग्न कोर्टात काढीन, असे त्याने कालच्याच टपालाने कळवले होते.

"म्हातारी अजून जित्ती हाय," साहेब म्हणाला. "थोरल्या सावत्र मुलीकडं ऱ्हाती. तिला ह्या वयात हे ऐकवू व्हय मी?"

आणि त्याने अर्धी झालेली वंशावळ माझ्या हातून काढून घेतली. दावा करायचा नाही, असे तो त्याच आठवड्यात चुलत्याला लिहिणार होता.

घरी येऊन मी बायकोला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. पहिलीच्या दोन मुली लहान असताना कोणी सांभाळल्या, एवढे तिने विचारले. ह्याच बाईने, मी म्हणालो. तिचे हात थांबले.

"अहो, त्या सायबाला सांगा, म्हातारीला हिकडं घिऊन या म्हणावं," ती म्हणाली. "हितं तिला कोण काय इचारणार न्हाय."

पुढच्या रविवारी मी हा निरोप साहेबाला जसाच्या तसा दिला.