रजिस्टरमधली तिची सही

नांदेडला टायरच्या दुकानावर आमची दोन खोल्यांची फर्म आहे. पाटीवर ‘टेक्नॉलॉजी कन्सल्टन्सी’ लिहिलंय, माणसं पाचच. दवाखाने, शाळा, दालमिल यांची कॉम्प्युटरची कामं आम्ही सांभाळतो. मालक माझा कॉलेजातला दोस्त, त्याच्या खालोखाल मी.

लातूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आमच्याकडे होतं. तिथं आमची एक इंजिनिअर बसायची. कंधारकडची, बौद्ध घरातली, घरातली पहिलीच इंजिनिअर. पेशंटच्या नोंदींचा बॅकअप दर शनिवारी तपासायचा, म्हणजे त्यातली एक ताजी नोंद दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. उघडून पाहणं माझं काम, नांदेडहून. सही तिची, कारण रजिस्टर तिथं.

मी उघडून पाहत नव्हतो. स्क्रीनवर बॅकअप झाल्याची हिरवी खूण दिसली की तिला फोन लावायचो, “झालंय, टाक सही.”

एकदा ती म्हणाली, “सर, मी बी एखादी फाईल उघडून बघू का?”

“का गं, माझ्यावर भरोसा न्हाई?”

ती हसली. बॅकअपचा पासवर्ड तिच्याकडे नव्हता. मीच दिला नव्हता.

मग एका सोमवारी दवाखान्याचा सर्व्हर बसला. मालक आणि मी गाडीनं लातूरला निघालो. अहमदपूरच्या आसपास त्यानं विचारलं, “बॅकअप हाय ना बे?”

“हाव,” म्हणालो.

बॅकअप उघडला. शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची. डिस्क भरलेली होती; प्रोग्राम रोज चालायचा, खूण हिरवी व्हायची, उतरत काहीच नव्हतं. बाहेर काचबिंदूचे पेशंट बसलेले. डॉक्टर माझ्या पाठीमागे उभे.

“यांच्या डोळ्यांचं मागचं प्रेशर किती होतं, ते मी आता कुणाला विचारू? हे तपासत कोण होतं?”

रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. दर शनिवारी तिची सही. मालकानं तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. मी वायर चाचपत राहिलो.

“सही माझी आहे,” ती म्हणाली आणि थांबली. ते थांबणं माझ्यासाठी होतं. मी खाली वाकून दुसरी वायर चाचपायला लागलो.

परतताना मालक म्हणाला, “ह्या लोकांना घेऊन मीच फसलो.” कोणत्या लोकांना, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मी काच खाली केली. आठवड्यात तिला काढलं. दवाखान्याला द्यायचा रिपोर्ट मी लिहिला: तिथल्या कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा. मालक म्हणाला, “झकास लिहिलंस.”

याला दोन वर्षं झाली. तेवढ्या काळात तिला धड नोकरी लागली नव्हती, एवढं कानावर होतं. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला. तिला घ्यायचं पक्कं होत आलं होतं. आमच्याकडून का काढलं, एवढंच फोन करणाऱ्या बाईंना विचारायचं होतं. “अर्ध्या तासात सांगतो,” म्हणालो.

आधी मालकाकडे गेलो, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आता कशाला उकरून राहिलास? दवाखाना हातचा जाईल. अन् तुला मी ठेवीन, असं समजू नको.”

जिन्यात उभं राहून तिला फोन लावला.

“बोला.” पूर्वीसारखं ‘सर’ नाही.

मी सांगत गेलो. खूण, पासवर्ड, रिपोर्ट. गाडीतलं ते वाक्यसुद्धा. तिनं मध्येच तोडलं.

“हे मला कशाला सांगता? मला ठाऊकच हाय. ज्यांनी विचारलंय त्यांना सांगा.”

दहा मिनिटं उरली होती. पुण्याला फोन लावला आणि एका दमात बोलत सुटलो. पलीकडे कीबोर्डचा आवाज येत होता.

“थांबा सर,” त्या बाई म्हणाल्या, “जरा सावकाश. तपासायचं कुणी होतं?”

“मी,” म्हणालो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.