चिरलेलं काडतूस

परवा शिलाई मशीनला तेल घालताना त्या वासानं मला फुलंब्रीचं शेत आठवलं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलिस ॲक्शननंतरची वर्षं होती. रानडुकरं मका लोळवायची म्हणून आमच्या ह्यांनी असल्याच तेलाच्या वासाची जुनी रायफल विकत घेतली होती. पहिल्याच बारानंतर रिकामं काडतूस बुडाशी चिरून बाहेर आलं. उरलेल्या काडतुसांची पिशवी माझ्याकडं होती.

"दुसरं दे."

"नाय देणार. हे चिरलंय, बघा की!"

ते लई ओरडले. पण मी पिशवी पोटाशी घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही रायफल शहरात नेली. तिथल्या बंदूकवाल्यानं ती तपासली. "काडतूस आत ढिलं बसतंय. पुढचा बार फुटून डोळ्यांवर आला असता," तो म्हणाला.

रायफलीपेक्षा मला त्यांच्या रागाचंच भ्या वाटलं होतं, याचं आता नवल वाटतं. दुकानाबाहेर पडल्यावर भर गुलमंडीच्या बाजारात त्यांनी माझा हात धरला आणि टांग्यापर्यंत सोडला नाही.