जेवल्यावर घ्यायची गोळी

वनमालाने डॉक्टरांचा शब्द कधी मोडला नाही, हे तिचा नवरा जयवंत शपथेवर सांगायचा. तिथेच सगळी वाट लागली.

मुलुंडच्या डॉक्टरांनी तिचं प्रेशर बघून सांगितलं होतं, "रोज सकाळी एक गोळी, जेवल्यावरच." बाईने ते गाठीला बांधून ठेवलं. मग उपासाला जेवणच नाही तर गोळी कसली? आणि उपास काय थोडे होते! संपात जयवंतची गिरणीतली नोकरी सुटली, तेव्हा तिने सोमवार धरला. वर्ष उलटलं तरी काम मिळेना म्हणून गुरुवार, मग शनिवार. पुढे त्याला नाहूरच्या कारखान्यात नोकरी लागली, पण देवाने दिलेलं काढून घेऊ नये म्हणून उपास चालूच राहिले. "माझी नोकरी हिच्या उपासांवर उभी आहे," असं जयवंत चाळभर मिरवायचा. गोळ्या महिनाअखेर उरतात, याचंही त्याला बरंच वाटायचं. मूर्ख माणूस!

सत्त्याऐंशी साली तिचे पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला. मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या.

"गोळी रोज घेत होता?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो तर. जेवल्यावर. एकदाही चुकवली नाय."

"उपास सोडून," जयवंत पुटपुटला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "प्रेशरने मूत्रपिंडं झिजतात, आणि ती झिजली की प्रेशर आणखी चढतं. तीन-चार वर्षं हेच चाललंय."

"पण दुखत तर काहीच नव्हतं," वनमाला म्हणाली.

"प्रेशर दुखत नाही हो. गेलं ते परत येणार नाही. आता उरलंय तेवढं जपायचं."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जयवंतला स्वतःचीच चीड आली.

पुढच्या सोमवारी सकाळी त्याने स्वतः बिनमिठाची पेज केली आणि तिच्यापुढे ठेवली. ती वाटीकडे नुसती बघत बसली.

"अहो, तुमची नोकरी गेली तर?"

"जाऊ दे गं मसणात. तू राहा."

डोळे पुसत तिने पेज संपवली, गोळी घेतली.

संध्याकाळी जयवंत कारखान्यातून आला. वनमालाने धुवायला म्हणून त्याचा डबा उघडला. भाकरी, भाजी, सगळं जसंच्या तसं होतं.

"जेवला नाय?"

जयवंत तिच्या सुजलेल्या पायांशी बसला होता. देवाधर्माच्या वाटेला तो जन्मात गेला नव्हता.

"आज सोमवार ना," तो म्हणाला.