मुद्गलाची जोडी आणि माहेरचं मुसळ

घरी व्यायाम करायला मुद्गल घ्यायचे असतील तर नुसतं वजन पाहून घेऊ नयेत, असं मी आज कोणालाही सांगतो. त्या वेळी हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. माझा सगळा जन्म वजनावर गेला होता. कापसाच्या गाड्यांबरोबर पायी चालत मी धंदा शिकलो. माल हातात घेतला की त्यात पाणी मारलंय की नाही ते मला कळत असे, आणि सारख्या भावात कमी वजन घेणारा माणूस मला मूर्ख वाटे.

तो काळ कापसाच्या तेजीचा होता. अमेरिकेत लढाई पेटली होती, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसामागे मुंबईचे व्यापारी धावत होते. माझं घर अमरावतीला आणि धंदा अकोल्याच्या बाजारात. धंद्यात माझ्याबरोबर भागीला माझ्या बायकोचा मोठा भाऊ होता. त्याला बाजारात मीच आणलं, आणि कापडाखालचा सौदाही मीच शिकवला.

हा सौदा असा असतो. घेणारा आणि विकणारा एका उपरण्याखाली हात घालतात. समोरच्याची जितकी बोटं मुठीत धरून दाबायची तितका आकडा. तोंडाने कोणी काही बोलत नाही, भोवती उभे असलेल्यांना काही कळत नाही. एकदा हात सुटले की सौदा झाला, मग तो फिरत नाही. यात डोळ्यांचा उपयोग नाही. हात थरथरला की माणूस अडलेला आहे हे समजतं, आणि मी कित्येक वर्षं लोकांच्या थरथरण्यावर पोट भरलं.

एका उन्हाळ्यात गाडी उतरवताना कापसाचा बांधलेला मोठा गठ्ठा, ज्याला आम्ही डोकडा म्हणतो, माझ्या उजव्या हातावर आला. हाडवैद्याने कामट्या बांधल्या. त्या सुटल्या तेव्हा खांद्यापासून खालचा हात कापसाच्या पऱ्हाटीसारखा वाळला होता. तरी मी दुसऱ्याच आठवड्यात अकोल्याला गेलो आणि बैठकीवर बसलो. मुंबईकडचा एक घेणारा आला. मला पाच सांगायचे होते. मी त्याची पाचही बोटं मुठीत घेतली, पण मूठ मिटेना. त्याची करंगळी माझ्या हातातून निसटली आणि त्याने चार धरले. हात सुटले. सौदा चारला झाला.

मेहुण्याने तो माणूस जाईपर्यंत वाट पाहिली. मग सगळ्यांसमोर माझं उपरणं माझ्या मांडीवरून उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

"जावईबापू, तुमी आता गाड्या पाहा," तो म्हणाला. "बसून कायले तरास घेता? हात माहा चालू द्या."

"किती दिवस?"

"हात बरा होईस्तोवर. मंग तुमची बैठक तुमाले."

आवाजात मायाच होती. शेजारच्या बैठकीवरचा एक अडत्या मान खाली घालून हसला. मी उठलो. मी उठलो याचाच मला पुढे सगळ्यात जास्त राग येत राहिला.

अमरावतीला परत येताना मी ठरवलं की दिवाळीला नवा कापूस येईल तेव्हा मी माझ्या बैठकीवर बसलेलो असेन. तालमीत जाणं शक्य नव्हतं. तिथे माझ्यासारख्याच अकोल्याला धंदा करणाऱ्यांची पोरं कुस्ती खेळत, आणि मी हात उचलायला शिकतोय ही बातमी माझ्याआधी अकोल्याला पोचली असती. जे करायचं ते घरात. पावसाळ्यात आमची कापसाची खोली रिकामी असे. जमीन सारवलेली, दार आतून लागणारं. दंड काढायला दोन विटा ठेवल्या आणि मुद्गल आणायला निघालो.

गाड्यांची चाकं करणारा एक म्हातारा मुसलमान सुतार मुद्गलही करत असे. त्याच्या दुकानात दोन जोड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, एक हलकी आणि एक चांगली जाडजूड.

"कोनासाठी पायजे शेठ?" त्याने विचारलं.

"भाच्यासाठी."

त्याने माझ्या गळ्यातल्या झोळीकडे आणि तिच्यातल्या हाताकडे पाहिलं. "भाच्याचा हात बी मोडला हाये का?"

"तुले मुद्गल विकाचे हायेत का चौकशी कराची हाये?"

"विकाचे हायेत. म्हनून इचारून राहिलो. ही हलकी न्या. ते दुसरं लाकूड अजून ओलं हाये, दोन महिने सावलीत पडू द्या लागते."

"दोन्हीचा भाव काय?"

"एकच. काम तेवढंच हाये."

झालं. एकाच भावात दुप्पट लाकूड मिळत असताना हलकी जोडी घेऊन जायची, हे माझ्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. मला वाटलं, म्हाताऱ्याला जड जोडी दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी ठेवायची आहे, म्हणून तो ओलं ओलं करतोय. बाजारात मी स्वतः हे शंभरदा केलं होतं. मी आवाज चढवला, भाव आणखी खाली ओढला आणि जड जोडी हमालाच्या डोक्यावर देऊन घरी आणली. वाटेत मला फार दिवसांनी बरं वाटत होतं.

डाव्या हाताने मुद्गल डोक्यामागून फिरला. उजव्याने तो खांद्यापर्यंत गेला, तिथे थांबला आणि माझ्यासकट खाली आला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभरात खांदा सुजला आणि जी बोटं थोडीफार मिटत होती तीही मिटेनात. वर ते ओलं लाकूड सुकताना मुठीपाशी तडकलं आणि त्याचं कुसळ तळहातात घुसलं. ओला कापूस हाताने ओळखणारा मी, ओलं लाकूड ओलं म्हणून सांगितलेलं असतानाही घेऊन आलो होतो. त्या रागात मी मुद्गल भिंतीवर आपटला.

बायकोने दार वाजवलं. "आयकता का? भिंत पाडून राहिले का तुमी?"

मी कडी काढली. गेले कित्येक दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होतो. ती मेहुण्याची बहीण होती, एवढं मला पुरेसं होतं. तिने तडकलेला मुद्गल पाहिला, माझा हात पाहिला आणि निघून गेली. परत आली ती मुसळ घेऊन. खैराचं जुनं मुसळ, तिच्या लग्नात रुखवताबरोबर आलेलं. मधोमध, जिथे हात धरतो तिथे, ते झिजून बारीक झालं होतं.

"हे धरा."

"मले नाही पायजे."

"काहून?"

"तुह्या माहेरचं हाये."

"मंग? भांडन तुमचं माह्या भावाशी हाये. लाकडानं काय केलं तुमचं?" ती म्हणाली. "मी बी त्याच घरची हाये. मले बी टाकून देता का?"

तिने मुसळ माझ्या उजव्या हातात आडवं ठेवलं, मधोमध, आणि माझी बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली. करंगळी मिटली नाही. तिने ती स्वतःच्या बोटाने दाबून धरली.

मधोमध धरलं की मुसळ तोलून राहतं, वजन जाणवत नाही. मनगट इकडे वळवायचं, मग तिकडे, सावकाश. ते न दुखता जमलं की मूठ बोटभर टोकाकडे सरकवायची. मुसळ तेच, पण दर वेळी ते जड होतं. नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. मी हे रोज पहाटे करत राहिलो. नंतर ओलं धोतर पिळण्याचं कामही मी मोलकरणीकडून काढून स्वतःकडे घेतलं. बोटांना त्यासारखा व्यायाम नाही. दंड मी सगळ्यात शेवटी सुरू केले, ते आधी उभ्याने भिंतीला हात लावून आणि मग विटांवर. अंगात जोर आहे म्हणून नव्हे, तर दुखणं सांगेल तेवढंच करायचं, हे माझ्यासारख्या माणसाला शिकायला अख्खा पावसाळा लागला. दुखण्याशी घासाघीस करता येत नाही. मी करून पाहिली होती.

बायको अधूनमधून दारात उभी राही. माझी मूठ मुसळाच्या टोकाकडे कितीशी सरकली ते पाही आणि जाई. भावाचं नाव तिने एकदाही काढलं नाही.

दिवाळी झाली आणि मी अकोल्याला गेलो. नव्या कापसाने बाजार पांढरा झाला होता. मेहुणा माझ्या बैठकीवर बसला होता. भोवती घेणारे, अडते, शेतकरी.

"भाऊ, सरका," मी म्हणालो.

तो जागचा हलला नाही. "हात बरा झाला का जावईबापू?"

"झाला."

"मंग दाखवा."

त्याने उपरणं पसरलं आणि त्याखाली स्वतःचा हात घातला. सगळे बघायला लागले. माझा हात आत गेला. मी त्याची पाचही बोटं मुठीत घेतली आणि दाबली. मूठ मिटली. ती पूर्ण मिटली असं मला वाटलं. पण त्याच वेळी मला जाणवलं की त्याची करंगळी बाहेर पडायला बघत नव्हती. ती आत वळली होती, त्याच्या बाकीच्या बोटांना चिकटून, माझ्या तळहाताशी. तो ती मुद्दाम माझ्या मुठीत ठेवत होता, की माझ्या दाबाने ती वळली होती, हे मला कळेना. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सौद्यात कोरं ठेवायला मीच शिकवलेलं तोंड ते. त्यावर काही नव्हतं.

"पाच," तो मोठ्याने म्हणाला. कापडाखालचा आकडा कोणी मोठ्याने बोलत नाही. मग तो उठला, उपरणं माझ्या मांडीवर टाकलं आणि गाड्यांकडे गेला.

त्या हंगामात माझा सौदा पुन्हा कधी चुकला नाही. पुढे लढाई संपली, भाव उतरले, आमची भागीही सुटली. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्याने मला माझी बैठक परत दिली की भीक घातली, हे मी त्याला विचारलं नाही. भीक असेल तर तिचाही राग मला आहे, आणि नसेल तर ज्या दिवशी त्याने उठवलं त्या दिवसाचा राग शिल्लक आहेच. बायको म्हणते, एकदा इचारून घ्याचं होतं.

मुद्गलाची जोडी मी केव्हाच बंबात घातली. मुसळ खोलीत आहे. पहाटे मी ते टोकाला धरून वळवतो तेव्हा अजूनही करंगळीकडे लक्ष जातं.