जमिनीवर ठेवलेला चाकू

लातूर जिल्हा झाला त्या वर्षीच्या दुष्काळात आम्हा दोघा कारकुनांना अहमदपूरजवळ गुरांच्या छावणीवर धाडलं. माझ्या जोडीदाराकडे घडीचा महागडा विलायती चाकू होता. दिवसभर उघड-मीट चालायची.

"एवढ्या पैशात शेळी आली असती," मी टोचायचो.

"शेळी खिशात मावती का?"

मागितला की तो चाकू जमिनीवर ठेवायचा. हातात दिला तर भांडण होतं म्हणे.

एकदा एका बैलाच्या गळ्याला दाव्याचा फास बसला. चाकू दे म्हणून मी ओरडलो. त्यानं तेव्हाही चाकू जमिनीवरच ठेवला. मी उचलला, पण पातं उघडेना. शेवटी त्यानं तो माझ्या हातातून हिसकावला आणि एका झटक्यात दावं कापलं. बैल वाचला. हा मात्र पांढराफटक.

"हातातून घेतलो की ओ मी! आता आपलं भांडण व्हतंय."

चाकू त्या किमतीचा आहे, हे मला पटलंय. पण सांगायचं धाडस होत नाही. न जाणो, त्यावरूनच सुरू व्हायचं.